कर्ज देणाऱ्याला जाब विचारता येतो का? (जागतिक बँक, जपानची मदतसंस्था जायका आणि मंडळी)

मुठाकाठची

नमस्कार मंडळी,

आमच्या भागात एका मोठ्या कामाची खोदाई चालू आहे. कुठलं काम ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच घसरेल. पैसा परदेशी वित्तसंस्थेच्या कर्जातून आलाय एवढं पुरे. नाल्याकडून जाणारी वाट बंद झाली, पर्यायी वाट अजून नकाशातच आहे. म्हणून सोसायटीतल्या आम्ही काही जणी विचारायला गेलो. पहिल्या टेबलावर ‘कंत्राटदाराला विचारा’, दुसऱ्या टेबलावर ‘ते सल्लागार ठरवतात’, आणि तिसऱ्या टेबलावरचे साहेब तर चहा मागवून म्हणाले, “ताई, कर्जाच्या अटी असतात हो. आमच्या हातात काय आहे?”

अटी कर्ज देणाऱ्याच्या असतील, तर जाबही त्यालाच विचारायला नको का? नगरसेवकाला निदान पाच वर्षांनी पाडता तरी येतं. (मार्च २०२२ नंतर पुण्यात बराच काळ तेही नव्हते, नुसता प्रशासक.) वॉशिंग्टनचा नाहीतर टोकियोचा संचालक मी कसा पाडणार?

माझं मत असं की या संस्थांना थेट धारेवर धरल्याशिवाय इथली टेबलं हलत नाहीत. नवरा म्हणतो, “तुझ्या पत्राची तिथे होडी करतील.” असा जाब विचारून कुणाच्या पदरात काही पडलंय का? अनुभव असतील तर लिहा.

---

पेठेतला_बंडू

वॉशिंग्टनला मराठीत पत्र टाका. जागतिक बँकेचा अध्यक्ष आपल्या खडकीचा आहे. खडकीच्या माणसाला बंद वाटेचं दुःख सांगावं लागत नाही. :)

---

शिस्तीत

@बंडू, अजय बंगांचा जन्म खडकीचा हे खरं, वडील लष्करात होते. जून २०२३ पासून अध्यक्ष आहेत. पण त्यांना तिथे बसवलं अमेरिकेने. बँक स्थापन झाल्यापासून अध्यक्ष अमेरिकेच्याच पसंतीचा असतो. जास्त भांडवल त्याची जास्त मतं, असा सगळा मामला. खडकीला त्यात मत नाही.

---

सातपुड्याचा

मुठाकाठची ताई, पदरात पडलं का म्हणाल तर पडलं, पण ज्यांनी मागितलं त्यांच्या पदरात नाही. सविस्तर लिहितो.

मी मूळचा धुळ्याचा, शिकायला पुण्यात. नव्वदच्या आसपास पुण्यातून बरीच मुलं नर्मदा खोऱ्यात जायची, त्यांच्याबरोबर मीही मणिबेलीला गेलो. मणिबेली म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातलं, सरदार सरोवराच्या पाण्यात आधी जाणाऱ्या गावांपैकी एक. महाराष्ट्रातली एकूण ३३ गावं बाधित. धरणाला जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५० दशलक्ष डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेव्हा या गावांतल्या बहुतेकांना बँक म्हणजे तालुक्याला असते ती, एवढंच माहीत होतं.

एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे. एक म्हातारा कारभारी आम्हाला शेत दाखवायला डोंगर चढवत घेऊन गेला. तीन पिढ्या कसलेली जमीन. बांधावर महू, खाली ज्वारी. सरकारी कागदावर मात्र ती जंगलजमीन आणि हा अतिक्रमणदार. म्हणजे बुडणार जमीन, पण बुडितात नाव नाही, आणि नाव नाही म्हणून बदली जमीनही नाही. पुनर्वसनाचे सुरेख तक्ते छापलेले होते, त्यात हा माणूस कुठेच नव्हता. नर्मदा बचाव आंदोलनाने बँकेला जे जे विचारलं त्याची सुरुवात इथून होते: तुमच्या तक्त्यात नसलेल्या माणसांचं काय?

१९८९ मध्ये मेधाताईंनी (पाटकर) अमेरिकेच्या संसदेच्या एका उपसमितीपुढे जाऊन साक्ष दिली. कारण बँकेला सर्वात जास्त पैसा अमेरिका देते आणि अमेरिकेचा पैसा संसदेतून जातो. कुणाचा कान धरल्यावर कोण ओरडेल याचा नीट अभ्यास होता तो. १९९० मध्ये जपानने टर्बाइनसाठीची मदत थांबवली. मग फेरकुव्याला सीमेवर यात्रा अडवली, उपोषण झालं, आणि १९९१ मध्ये बँकेने स्वतःच्याच प्रकल्पावर स्वतंत्र समिती नेमली, ब्रॅडफर्ड मोर्स यांची. समितीची माणसं खोऱ्यात फिरली, लोकांशी बोलली. जून १९९२ चा अहवाल बँकेला चांगलाच झोंबला. पुनर्वसन असं होऊच शकत नाही, बँकेने मागे सरावं, असा त्याचा रोख होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनेच सांगितलं की उरलेलं कर्ज नको. साधारण १७० दशलक्ष डॉलर उचललेच नाहीत.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तक्रारीसाठी कायमचं इन्स्पेक्शन पॅनेल काढलं. पहिली तक्रार नेपाळच्या अरुण-३ धरणाची आली आणि १९९५ मध्ये बँकेने तिथून अंग काढून घेतलं. मणिबेलीच्या नावाने १९९४ मध्ये एक जाहीरनामाही निघाला, चाळीसहून जास्त देशांतल्या संघटनांनी त्यावर सह्या केल्या. पण मणिबेली बुडाली. म्हणून म्हटलं, मागितलं एकाने, मिळालं दुसऱ्याला.

---

ढोबळमानाने

वरचा प्रतिसाद चांगला आहे, पण शेवटचं वाक्य निसटतंय हातातून. बँक गेली म्हणून धरण थांबलं का? नाही. ऑक्टोबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे न्यायला परवानगी दिली, पुढे उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली, २०१७ मध्ये लोकार्पण. पैसा देशातून उभा राहिला. उलट बँक असेपर्यंत पुनर्वसनाबद्दल विचारणारा एक तिऱ्हाईत तरी होता, तोही गेला.

मी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालो. परदेशी कर्जाचं काम आलं की आम्ही वैतागायचो. कारण जनसुनावणी घ्या, इतिवृत्त लिहा, बाधितांची यादी लावा, झाडं मोजा, फोटो काढा. आपल्याच पैशांतून काम असलं की यातलं निम्मं ‘नंतर बघू’. कर्ज देणाऱ्याला हाकलून लावू नका. हप्ते शिल्लक आहेत तोवर त्याच्या गळ्यात पडा.

---

सातपुड्याचा

@ढोबळमानाने, मुद्दा मान्य, पण अर्धाच. तो तिऱ्हाईत १९८५ पासून होता आणि १९९१ पर्यंत त्याने काय विचारलं? लोकांनी वॉशिंग्टनपर्यंत जाऊन हलवल्यावर त्याचे डोळे उघडले. आपोआप विचारणारा तिऱ्हाईत मी अजून पाहिला नाही.

---

पेठेतला_बंडू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

वीजबिल

याच्या बरोबर उलटं उदाहरण आपल्या राज्यातच आहे आणि त्यातला बराचसा अभ्यास पुण्यात झाला, म्हणून लिहितो. एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प.

दाभोळच्या प्रकल्पाला पैसे द्यायला जागतिक बँकेने १९९३ मध्ये नकार दिला होता. कारण पर्यावरण वगैरे नव्हतं, शुद्ध हिशेब होता: प्रकल्प गरजेपेक्षा मोठा आणि आयात गॅसची वीज कोळशापेक्षा महाग. ज्या बँकेला आपण शिव्या घालतो तिने चक्क शहाणपणाचं सांगितलं आणि आपण ऐकलं नाही. मग पैसा आला अमेरिकेच्या सरकारी एक्झिम बँकेकडून, तिथल्याच ओपिक या सरकारी वित्तसंस्थेकडून, आणि आपल्या आयडीबीआयसारख्या वित्तसंस्थांकडून.

पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटातल्या मंडळींनी त्या वीजखरेदी कराराचा हिशेब मांडला. घोषणा, मोर्चे चालूच होते, गुहागरला लोक लाठ्या खात होते. पण राज्य वीज मंडळाने वीज घेतली नाही तरी ठरावीक रक्कम भरायची, आणि तीही डॉलरशी बांधलेली, हे सामान्य माणसाला कळेल अशा आकड्यांत दाखवणं हे वेगळं काम होतं. डॉलर वर, तेल वर, की बिल वर. १९९९ मध्ये पहिला टप्पा चालू झाला आणि पुढच्या वर्षी काही महिने युनिट सात रुपयांच्या पुढे गेलं. २००१ मध्ये माधव गोडबोले समिती बसली, प्रकल्प बंद पडला, डिसेंबरात एन्रॉनने दिवाळं काढलं.

सांगायचं काय, की परदेशी वित्तसंस्था म्हणजे एकच राक्षस नाही. एकीने नकार दिला, दुसरीने दिले. जाब कुणाला विचारायचा हे पैशाचा माग काढल्यावरच कळतं.

---

शेवंता

+१ वीजबिल. त्या वेळी आमच्या चाळीत एक काका आकडे पाठ म्हणून दाखवायचे. लोडशेडिंगमध्ये मेणबत्तीच्या उजेडात.

---

उदार_मनाचा

मला हा सगळा सूरच पटत नाही. १९९१ मध्ये सोनं गहाण टाकायची वेळ आली होती. बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे मिळून सुमारे ४७ टन. नाणेनिधीने कर्ज दिलं, अटी घातल्या, परवाने-कोटा मोडला. त्या अटी नसत्या तर हिंजवडीत आज ऊस असता आणि इथले निम्मे सदस्य बेकार. रस्ता हवा, मेट्रो हवी, चोवीस तास पाणी हवं, आणि कर्ज आलं की मोर्चा. काही लोकांचं पोटच आंदोलनावर चालतं.

---

मुठाकाठची

@उदार_मनाचा, मी मोर्चा काढलेला नाही. वाट मागितली आहे.

---

मावळतीचा_मावळा

@उदार_मनाचा, हिंजवडी हा मुळशी तालुका आहे, एवढं तरी लक्षात ठेवा. १९२१ मध्ये तिथे सेनापती बापटांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तेव्हाही प्रश्न हाच होता: मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी, भांडवल तयार, सरकार पाठीशी, आणि जमीन मावळ्यांची. त्यातली खास पुणेरी भानगड अशी की बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. मोबदला मिळतोय म्हटल्यावर सावकारांना धरण गोड वाटायला लागलं. कसणारे तसेच राहिले. १९२४ पर्यंत सगळं विझलं, धरण झालं.

आता सेनापती बापट रस्त्यावर ज्या काचेच्या इमारती आहेत त्यांत किती जणांना हे माहीत असेल देव जाणे. (अवांतराबद्दल माफी, पण हिंजवडीचं नाव निघालं की राहवत नाही.)

---

धागाप्रमुख

‘पोट आंदोलनावर चालतं’ छापाचे शेरे नकोत. मुद्द्यावर बोला.

---

कुर्ला_पूर्व

मी पूर्वी मुंबईला, आता कोथरूड. इन्स्पेक्शन पॅनेलचा महाराष्ट्रातला अनुभव जवळून पाहिलाय, म्हणून लिहिते.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, एमयूटीपी. २००२ मध्ये बँकेचं ५४२ दशलक्ष डॉलरचं कर्ज. रेल्वेबरोबर सांताक्रुझ-चेंबूर जोडरस्ताही होता त्यात. रस्त्यात येणाऱ्या दुकानदारांनी २००४ मध्ये पॅनेलकडे तक्रार केली. माझ्या मामांचं दुकान तिथलंच, गाळा लहान पण कुर्ल्याच्या गर्दीचा. बदल्यात लांबच्या पुनर्वसन वसाहतीत गाळा मिळणार. मामा म्हणायचे, “गाळा देतायत, गिऱ्हाईक कोण देणार?” हाच मुद्दा पॅनेलने उचलला. घराच्या बदल्यात घर दिलं, पण कमाईचं काय हे पाहिलंच नव्हतं. बाधितांची संख्याही कमी धरली होती, दुकानदारांचा वेगळा विचार नव्हता.

मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे रोखले. बघता बघता जे अधिकारी भेटत नव्हते ते भेटायला लागले. तीनेक महिन्यांत पैसे परत सुरू झाले. सगळं मनासारखं झालं नाही, मामांचं दुकान गेलंच. पण निदान समोर बसून बोलले. @ढोबळमानाने यांचं बरोबर आहे, जी काही ताकद होती ती त्या रोखलेल्या हप्त्याची.

---

कायदेकानू

न्यायालयाचा रस्ता कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

गुजरातेत मुंद्र्याला टाटांचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. त्याला जागतिक बँक गटातल्या, खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या आयएफसीने २००८ मध्ये ४५० दशलक्ष डॉलर दिले. मच्छीमारांनी आधी आयएफसीच्या लोकपालाकडे तक्रार केली. लोकपालाने चौकशी करून त्रुटी दाखवल्या, व्यवस्थापनाने फारसं काही केलं नाही. मग २०१५ मध्ये मच्छीमारांनी अमेरिकेत खटला भरला. आयएफसीचं म्हणणं, १९४५ च्या कायद्याने आम्हाला संपूर्ण संरक्षण आहे, आमच्यावर दावा चालतच नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ असा निकाल दिला की असं सरसकट संरक्षण नाही.

पेढे वाटून झाले. मग खटला खालच्या न्यायालयात परत गेला आणि तिथे ठरलं की नुकसान भारतात झालं, ते मुख्यतः प्रकल्प चालवणाऱ्याच्या कृतीमुळे, अमेरिकेतल्या कृतीमुळे नव्हे, तेव्हा संरक्षण लागू. अपिलातही तेच. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ऐकायला नकार दिला. तत्त्व जिंकलं, मच्छीमार हरले. वकील म्हणून मला हा निकाल मोलाचा वाटतो. तिथल्या माणसाला वाटणार नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

---

पेठेतला_बंडू

थोडक्यात काय, मणिबेलीचा माणूस बुडतो आणि नेपाळला फायदा होतो. मुंद्र्याचा हरतो आणि कायद्याच्या पुस्तकाला फायदा होतो. ताई, तुमच्या वाटेचा फायदा बहुधा पेरू देशाला होईल.

---

जलपर्णी

पुण्याचं कुणीच बोलत नाहीये! आपल्याकडे जायकाच्या पैशांतून नदीकाठाचं काँक्रीट चाललंय त्याचं काय?

---

ढोबळमानाने

@जलपर्णी, ही गल्लत सगळेच करतात. दोन वेगळे प्रकल्प आहेत. जायकाचं कर्ज आहे मैलापाणी शुद्धीकरणाला: २०१६ मध्ये मंजूर झालेला ९९० कोटींचा प्रकल्प, नवी ११ शुद्धीकरण केंद्रं, व्याज ०.३० टक्के, फेड ४० वर्षांत आणि त्यातली पहिली १० वर्षं सवलतीची. कर्ज केंद्राने घेतलंय, महापालिकेला सुमारे ८५ टक्के रक्कम अनुदान म्हणून. आणि काठाचं सुशोभीकरण, ज्याच्या झाडांसाठी २०२३ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तो नदीकाठ सुधार प्रकल्प निराळा. त्याचा जपानशी संबंध नाही. तिथली तक्रार टोकियोला पाठवलीत तर नम्रपणे परत येईल.

---

जलपर्णी

अच्छा. पण मग मंजुरी २०१६ ची आणि बंडगार्डनला अजून फेस का दिसतो?

---

ढोबळमानाने

निविदांचं दळण. कामं सुरू व्हायलाच २०२२ उजाडलं. स्वस्त व्याजाचं कर्ज पडून राहिलं की ते स्वस्त राहत नाही, कामाचा खर्च वाढतो. यात जपानला धारेवर धरून उपयोग नाही, दिरंगाई घरची आहे.

---

वीजबिल

याला जोडून एक. २०१७ मध्ये महापालिकेने समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने, शेअर बाजारात घंटा वगैरे वाजवून. ते घेणाऱ्या संस्थांकडे तक्रारीची खिडकी आहे का? नाही. त्यांना व्याज वेळेवर मिळालं की झालं. जागतिक बँकेकडे निदान खिडकी आहे, आणि ती कुणाच्या आंदोलनामुळे उघडली हे वर आलंच आहे. उद्या बहुतेक पैसा रोख्यांतून येणार. मग जाब कुणाला विचारणार याचा विचार करा. मला त्याची जास्त धास्ती वाटते.

---

उदार_मनाचा

हा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. रोखे घेणाऱ्याला शहराची पत कळते, वाट कळत नाही.

(पोटाबद्दलचं वाक्य मागे घेत नाही, पण ताईंना उद्देशून नव्हतं.)

---

शिस्तीत

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? ताई, तुमच्या कामाला नक्की कुणाचं कर्ज आहे ते साइटवरच्या फलकावर असतं. जागतिक बँक असेल तर इन्स्पेक्शन पॅनेल: बाधित दोन किंवा अधिक माणसं लागतात, नावं गुप्त ठेवायची मागणी करता येते, आणि बंडूचा विनोद बाजूला ठेवा, तक्रार खरोखर मराठीत चालते. कुठल्याही भाषेत चालते. जायका असेल तर त्यांची हरकत नोंदवायची पद्धत आहे, तिथेही देशातले दोन किंवा अधिक रहिवासी. मेट्रोला पैसे देणाऱ्या युरोपीय गुंतवणूक बँकेकडेही तक्रार विभाग आहे. पॅनेल आणि जायका आधी विचारतात की त्याआधी कर्ज देणाऱ्याकडे किंवा प्रकल्पाकडे दाद मागितली होती का. त्यामुळे टेबलावरच्या तोंडी उत्तरांना किंमत शून्य. लेखी हवं.

---

मुठाकाठची

सगळ्यांचे आभार. फलक पाहून आले. अर्धा पत्र्यामागे गेलाय, पण नाव वाचता आलं.

आधी माहिती अधिकारात अर्ज टाकते, म्हणजे लेखी काहीतरी हातात येईल. मसुदा असा केलाय: १) वाट का बंद केली? २) पर्यायी वाट अजून का दिली नाही? ३) कर्जाच्या कुठल्या अटीमुळे अधिकाऱ्यांचे हात बांधलेले आहेत? ठीक आहे ना?

---

कायदेकानू

नाही. ‘का’ विचारलंत की ‘माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येणार. कागद मागा. १) बाधित रहिवाशांबरोबर झालेल्या बैठकांची इतिवृत्तं आणि हजेरीपट. २) पर्यायी वाटेचा मंजूर नकाशा आणि त्यासाठी कंत्राटात धरलेली रक्कम. ३) कर्जकराराची प्रत आणि पर्यावरण व सामाजिक व्यवस्थापन आराखडा. ४) प्रकल्पाच्या तक्रार नोंदवहीतल्या यंदाच्या पानांच्या प्रती. ही नोंदवही ठेवणं अशा बहुतेक कर्जांत बंधनकारक असतं. ती कोरी असेल तर तुमची तक्रार निम्मी तिथेच सिद्ध झाली.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, पोच घ्या, तीस दिवस मोजा.

---

कुर्ला_पूर्व

आणि अर्ज एकटीच्या नावाने नको. तिघी-चौघींनी वेगवेगळे टाका. मामांच्या वेळी एकाचा अर्ज हरवायचा, सगळ्यांचे नाही हरवले.

---

मुठाकाठची

चौथा मुद्दा डोक्यातच नव्हता. मसुदा बदलून उद्या इथे टाकते, नजर घाला. नवऱ्याने स्टँप आणायचं कबूल केलंय.